माशाची साक्ष

मराठीत आपण 'निळी शाई', 'लाल शाई' असं सहज म्हणतो. पण शाई हा शब्द फारसीतल्या 'स्याही'वरून आला आणि स्याही म्हणजे काळेपणा. मूळ अर्थ धरला तर रंगीत शाई म्हणजे रंगीत काळोख! शब्दांची ही गंमत मला आठवली ती जपानमधल्या एका कलेच्या निमित्तानं. तिचं नाव ग्योताकु. 'ग्यो' म्हणजे मासा आणि 'ताकु' म्हणजे ठसा. खऱ्या माशाला शाई लावायची, त्यावर पातळ कागद अंथरायचा, बोटांनी दाबायचा आणि अलगद उचलायचा. कागदावर मासा उमटतो. जेवढा होता तेवढाच, खवल्याला खवला.

ही कला काळ्या शाईत जन्मली आणि थंड पाण्याच्या काठी वाढली. पुढे ती उष्ण समुद्रातल्या प्रवाळांपाशी पोहोचली. प्रवाळ म्हणजे आपलं पोवळं. या प्रवाळांच्या खडकांत राहणारे मासे पिवळे, निळे, शेंदरी, पट्ट्यापट्ट्यांचे. तिथे या कलेपुढे एक पेच उभा राहिला. जे काळ्यात सांगता येत होतं ते रंगात कसं सांगायचं? आज त्या पेचाचीच हकिगत सांगायची आहे.

या कलेच्या जन्माची एक गोड गोष्ट सांगितली जाते. जपानी कोळी म्हणे होडीत कागद आणि शाई घेऊन जात, पकडलेल्या मोठ्या माशाचा ठसा घेत आणि मासा बाजारात विकून ठसा घरी नेत. गोष्ट छान आहे. पण जुने ठसे जे हाती आहेत, त्यांचा माग काढत गेलं तर वाट कोळीवाड्यात जात नाही, सामुराईंच्या घरी जाते.

जपानच्या मुख्य बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर, आजच्या यामागाता प्रांतात, शोनाई नावाची जहागीर होती. १६२२ पासून तिथे साकाई घराण्याची सत्ता होती. त्यांचा किल्ला होता आजच्या त्सुरुओका शहरात. १६३८ साली शिमाबाराचं बंड मोडलं गेलं आणि त्यानंतर जपानात दोनशे वर्षं मोठी लढाई झाली नाही. कमरेला तलवारी आणि हाताला काम नाही, अशी योद्ध्यांची अवस्था. रिकामा सैनिक कोणत्याही राजाला परवडत नाही. शोनाईच्या सरदारांनी आपल्या सामुराईंना मासे धरायला प्रोत्साहन दिलं. लांबलचक बांबूची काठी खांद्यावर टाकायची, डोंगर ओलांडून समुद्र गाठायचा, ओल्या खडकावर पाय रोवून अंधारात उभं राहायचं आणि लाटांच्या आवाजात दोरीची एक हलकीशी ओढ ओळखायची. यात दम लागतो, तोल लागतो आणि सर्वांत जास्त लागतो धीर. तलवारीच्या शिक्षणाइतकंच हेही शिक्षण मानलं गेलं. जपानमधलं मासेमारीवरचं सर्वांत जुनं पुस्तक म्हणून ओळखलं जाणारं 'कासेनरोकु' हेही १७२३ साली एका सामुराईनंच लिहिलेलं आहे.

आता जिथे स्पर्धा आली तिथे बढाई आली आणि बढाई आली तिथे शंकाही आली. निसटलेला मासा दर सांगण्याला वीतभर वाढतो, हे जगातल्या सगळ्या किनाऱ्यांवर खरं आहे. योद्ध्याच्या तोंडी मात्र खोटं शोभत नाही. मग उपाय काय? माशालाच बोलू द्यायचं. माशाचा ठसा घ्यायचा. ठसा वीतभर वाढत नाही.

आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना ठसा १८३९ सालचा आहे. तो 'फुना' नावाच्या गोड्या पाण्यातल्या माशाचा आहे. हा मासा एदोमध्ये, म्हणजे आजच्या तोक्योमध्ये, किन्शिबोरी नावाच्या कालव्यात धरला होता. ठसा जपून ठेवलेला आहे तो मात्र त्सुरुओकाच्या स्थानिक इतिहासाच्या संग्रहात. जुन्या ठशांवर माशाशेजारी मजकूर असतो. कोणत्या दिवशी धरला, कुठे धरला, कोणी धरला आणि कधी कधी कोणाच्या समोर धरला. साक्षीदाराचं नाव! म्हणजे हा कागद चित्र म्हणून जन्मला नाही, पंचनामा म्हणून जन्मला.

ठसा घेण्याची युक्ती जपानला नवी नव्हती. चीनमध्ये शतकानुशतकं शिलालेखांचे ठसे घेतले जात होते आणि ती विद्या जपानमध्ये पोहोचलेली होती. आपल्याकडेही शिलालेखांचा अभ्यास करणारी मंडळी हेच करत आली आहेत. लेख मराठी असो, कानडी असो की फारसी. दगड स्वच्छ धुवायचा, ओला कागद त्यावर चिकटवायचा, ब्रशनं ठोकून तो अक्षरांच्या खाचांत बसवायचा आणि वरून शाईची पुरचुंडी हलक्या हातानं टेकवत जायचं. सपाट भाग काळा होतो, खाचा पांढऱ्या राहतात, अक्षरं उठून दिसतात. वाचणाऱ्याला दगड घरी नेता येत नाही, पण दगडाचं बोलणं नेता येतं. जपान्यांनी दगडाच्या जागी मासा ठेवला. फरक एवढाच, की दगड वाट पाहतो आणि मासा पाहत नाही.

ठसा घेतात कसा, तेही थोडं सांगतो. आधी मासा मिठानं किंवा व्हिनेगरनं चोळून त्याचा बुळबुळीतपणा काढायचा. तो राहिला तर शाई धरत नाही. मग कोरडा पुसायचा. कल्ल्यांत आणि पोटाच्या छिद्रात कापूस किंवा कागद भरायचा, नाहीतर आतलं पाणी झिरपून कागद बिघडतो. पर आणि शेपूट पसरून खाली मातीचा आधार द्यायचा, टाचण्या लावायच्या. शाई असते काजळी आणि सरस यांपासून केलेली. ती ब्रशनं आधी डोक्याकडून शेपटीकडे लावायची आणि शेवटचा हात उलटा, शेपटीकडून डोक्याकडे फिरवायचा, म्हणजे खवल्यांच्या कडांखाली शाई शिरते आणि प्रत्येक खवला वेगळा उमटतो. कागद असतो तुतीच्या कुळातल्या कोझो नावाच्या झाडाच्या सालीचा. पातळ, पण चिवट. तो माशावर अंथरायचा आणि बोटांच्या टोकांनी डोक्यापासून शेपटीपर्यंत दाबत जायचं. इथे घाई चालत नाही आणि हात थरथरलेलाही चालत नाही. कागद सरकला की एका माशाचे दोन मासे होतात.

सगळा मासा उमटतो, एक गोष्ट सोडून. डोळा उमटत नाही. डोळा मऊ, ओला आणि गोल. त्या जागी कागदावर रिकामं वर्तुळ राहतं. ते शेवटी बारीक ब्रशनं हातानं भरायचं. जिथे सगळं माशानं स्वतः लिहिलं, तिथे एवढी एकच जागा माणसासाठी उरते. आणि तो डोळा नीट जमला नाही, तर एवढा अचूक ठसा मेलेला दिसतो.

आता दक्षिणेकडे जाऊ. जपानच्या दक्षिण टोकाला ओकिनावाची बेटं आहेत. पूर्वी तिथे र्‍युक्यू नावाचं स्वतंत्र राज्य होतं, १८७९ साली जपाननं ते खालसा केलं. इथलं पाणी उबदार आणि किनाऱ्याला प्रवाळांची रांग. राजधानी नाहा इथल्या माकिशी बाजारात गेलेला उत्तरेकडचा जपानी माणूसही पहिल्यांदा थबकतो, कारण बर्फावर चक्क निळे मासे विकायला ठेवलेले असतात. तो पोपटमासा. शेजारी लालभडक, ठिपक्यांचा प्रवाळातला हेकरू. आणि सगळीकडे दिसतो तो गुरुकुन, वीतभर लांबीचा, अख्खा तळून काट्यांसकट खाल्ला जाणारा. १९७२ साली अमेरिकेच्या ताब्यातून ओकिनावा जपानकडे परत आलं आणि त्याच वर्षी गुरुकुनला या प्रांताचा मासा म्हणून मान मिळाला.

या गुरुकुनपाशी आपला पेच सुरू होतो. बाजारात तो लालसर असतो. जेवणाच्या ताटावर त्याला ओळखणाऱ्या माणसाला गुरुकुन म्हटलं की लाल मासा आठवतो. पण पाण्याखाली जाऊन ज्यानं त्यांचे थवे पाहिले आहेत, तो सांगतो की गुरुकुन निळा असतो. दोघंही खरं बोलतात. पाण्यात पोहताना तो निळा-हिरवा चमकतो आणि पकडला गेला की लाल होत जातो. मग त्याचा ठसा कोणत्या रंगात घ्यायचा? जिवंत माशाच्या की हातातल्या?

काळ्या शाईला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. फुना जिवंत असताना जेवढा लांब, मेल्यावरही तेवढाच. खवले तेच, पर तेच. काळा ठसा जे सांगतो ते मरणानं बदलत नाही. प्रवाळातल्या माशांची ओळख मात्र रंगात असते आणि रंगच सर्वांत आधी जातो. माशाच्या कातडीत रंगाच्या बारीक पेशी असतात. मज्जातंतूंच्या हुकमानं त्या आकसतात, पसरतात. हुकूम थांबला की रंग विस्कटतो. शिवाय बहुतेक माशांचा निळा हा मुळात रंगच नसतो. कातडीतल्या सूक्ष्म स्फटिकांवर पडलेल्या उजेडाचा तो खेळ असतो. मँडरिन नावाचा एक छोटासा मासा याला अपवाद आहे. त्याच्या कातडीत खरोखरचा निळा रंग भरलेल्या पेशी आहेत, हे जपानी संशोधकांनी १९९५ साली दाखवून दिलं. बाकीच्यांचा निळा हा उसना उजेड. तो कागदावर कसा दाबून घेणार?

या प्रश्नावर दोन वाटा निघाल्या. पहिली वाट जुन्या पद्धतीचीच. माशाच्या अंगावर जागच्या जागी रंगीत शाया लावायच्या, पिवळ्या पट्ट्यावर पिवळी, निळ्यावर निळी, आणि एका दाबात ठसा घ्यायचा. किंवा आधी काळा ठसा घ्यायचा आणि त्यावर जलरंग चढवायचे. दुसरी वाट पुन्हा शिलालेखाकडे गेली. ओला कागद किंवा रेशमी कापड माशाच्या अंगाला चिकटवायचं आणि कापूस रेशमात बांधून केलेल्या छोट्या पुरचुंडीनं वरून रंग टेकवत जायचं. आधी फिका, मग गडद. थरावर थर. एका माशाला तासन्‌तास लागतात. पहिल्या पद्धतीत ठसा आरशातल्यासारखा उलटा येतो, दुसरीत सुलटा येतो आणि रंगांच्या छटा इतक्या नाजूक येतात की पाहणाऱ्याला ते चित्रच वाटतं.

रंगीत ग्योताकु फुललं ते दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात. इंग्रजी वाचणाऱ्या जगाला त्याची नीट ओळख करून दिली ती योशियो हियामा यांच्या १९६४ सालच्या पुस्तकानं. हियामा चित्रकार नव्हते. ते तोक्यो विद्यापीठात मत्स्यशास्त्राचे प्राध्यापक होते. दक्षिण समुद्रातल्या विषारी माशांवरचा त्यांचा अहवाल १९४३ साली प्रसिद्ध झाला होता. प्रवाळातला कोणता मासा खाल्ला तर माणूस दगावतो, याचा अभ्यास केलेल्या माणसानं माशांच्या सौंदर्याची ओळख जगाला करून द्यावी, ही मला मोठी लोभस गोष्ट वाटते.

समुद्रापलीकडे हवाईतही ही कला रुजली. १८८५ पासून जपानी मजूर मोठ्या संख्येनं तिथल्या उसाच्या मळ्यांवर गेले, १९०० साली ओकिनावाचे पहिले लोक पोहोचले. त्यांच्याबरोबर गळ गेले, चुली गेल्या, सवयी गेल्या. आज हवाईत धरलेल्या माशाचा ठसा भिंतीवर लावणं हा घरगुती रिवाज झाला आहे. तिथल्या मानाच्या माशाचं नाव आहे हुमुहुमुनुकुनुकुआपुआआ! डुकरासारखं तोंड असलेला ट्रिगर मासा, असा त्याचा साधारण अर्थ. १९८५ साली तो पाच वर्षांपुरता राज्याचा मासा ठरला आणि २००६ साली कायमचा.

ठसा घेणाऱ्याला प्रवाळातला प्रत्येक मासा नवा धडा देतो. हा ट्रिगर मासा पाठीवरचा काटा उभा करून कुलूप लावल्यासारखा अडकवतो. मागचा छोटा काटा दाबला की कुलूप उघडतं. पर पसरून ठेवण्याची निम्मी मेहनत तो स्वतःच करतो. फुलपाखरू मासा थाळीसारखा चपटा, जणू ठशासाठीच घडवलेला. शल्यमाशाच्या शेपटीच्या मुळाशी धारदार पातं असतं. बेसावध हात कापला जातो. सिंहमाशाचे काटे तो मेल्यावरही विषारीच राहतात. पोपटमाशाचे खवले मोठे, म्हणून ठसा देखणा येतो. पण त्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. त्याच्या बहुतेक जातींत मादी मातकट रंगाची असते आणि तीच पुढे नर होऊन निळी-हिरवी होते. एकाच माशाचे आयुष्यात दोन पोशाख. चोचीसारख्या दातांनी तो प्रवाळांचा दगड खरवडतो, दळतो आणि बाहेर टाकतो. त्या बेटांच्या किनाऱ्यांवरची पांढरी वाळू बरीचशी त्याच्या पोटातून गेलेली असते.

इथे मनात एक बोच येते. एवढा सुंदर जीव चित्रासाठी मारायचा का? प्रश्न नवा नाही. जुन्या रोममध्ये श्रीमंत लोक एक लाल मासा काचेच्या भांड्यात जिवंत मागवत आणि मरताना त्याचे रंग कसे पालटतात ते जेवणापूर्वी बघत बसत. सेनेका या तत्त्वज्ञानं पहिल्या शतकात या शौकाला कठोर शब्दांत झोडपलं आहे. हवाईच्या प्रवाळांत ज्याला 'कुमू' म्हणतात तो दाढीवाला लाल मासा त्याच कुळातला. म्हणजे रंग मरताना पाहण्याचा मोह फार जुना आहे. ग्योताकुच्या चांगल्या परंपरेत याचं उत्तर साधं आहे. ठसा त्याच माशाचा घ्यायचा जो खायचा आहे. काजळीची शाई धुऊन निघते, ठसा भिंतीवर जातो आणि मासा चुलीवर. शाळांतल्या मुलांसाठी आता रबराचे मासेही मिळतात. मला यात एक न्याय दिसतो. आपण ज्याला खातो त्याचं तोंड एकदा नीट पाहावं, त्याचे खवले बोटांनी मोजावेत, एवढं तरी देणं आपण लागतो.

आता मूळ पेचाकडे वळतो. २०२० साली 'झूकीज' या शास्त्रीय नियतकालिकात जपानी संशोधकांचा एक लेख आला. त्यांनी गळ विकणाऱ्या दुकानांच्या भिंतींवर टांगलेले आणि संग्रहांत ठेवलेले दोनशेहून अधिक ठसे तपासले. या काळ्या कागदांत त्यांना आता दुर्मीळ झालेल्या जाती सापडल्या. उत्तरेकडच्या नद्यांतला 'इतो' नावाचा प्रचंड मासा त्यांतलाच एक. कोणत्या नदीत, कोणत्या वर्षी, केवढा मासा होता, हे त्या कागदांनी सांगितलं. ज्यांनी ते घेतले त्यांना शास्त्राशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना मित्रांपुढे खरं ठरायचं होतं, एवढंच. पण त्यांनी कोपऱ्यात तारीख लिहिली, गाव लिहिलं, नाव लिहिलं. त्या तीन ओळींमुळे बढाईचा कागद इतिहासाचा कागद झाला.

प्रवाळातल्या रंगीत माशांच्या ठशांचं काय? ते कलाकृती म्हणून घेतले जातात. दालनांत लागतात, विकले जातात. त्यांवर बहुतेक वेळा कलावंताची लाल मोहोर असते, पण तारीख आणि जागा अनेकदा नसते. चित्राच्या सौंदर्यात मजकुराची अडगळ कशाला, असं वाटत असावं. आणि नेमकी हीच माहिती आज सर्वांत जास्त हवी आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात ओकिनावातल्या इशिगाकी आणि इरिओमोते या बेटांमधलं पाणी तापलं. तिथलं सेकिसेई हे जपानमधलं सर्वांत मोठं प्रवाळ क्षेत्र. प्रवाळांच्या अंगात राहून त्यांना अन्न आणि रंग देणारी सूक्ष्म शेवाळं उष्ण पाण्यात टिकत नाहीत. ती गेली की प्रवाळ हाडासारखे पांढरे पडतात. त्या वर्षाअखेर तिथले सुमारे ७० टक्के प्रवाळ मेल्याचं जपानच्या पर्यावरण मंत्रालयाच्या पाहणीत आढळलं. एप्रिल २०२४ मध्ये तर प्रवाळ पांढरे पडण्याची जगभरातली चौथी लाट आल्याचं शास्त्रज्ञांनी जाहीर केलं. प्रवाळ खाऊन जगणारे फुलपाखरू मासे प्रवाळांबरोबर कमी होतात. हा प्रश्न दूरचा नाही. आपल्या मालवणच्या पाण्यातही प्रवाळ आहेत, १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे.

अशा वेळी रंगीत ठसा आणि काळा ठसा यांत मी भांडण लावणार नाही. काळा ठसा म्हणजे माशानं स्वतः दिलेली साक्ष. रंगीत ठसा म्हणजे माणसानं जिवंत माशाला पाहिलं होतं, त्याची आठवण. गुरुकुन निळा होता हे मेलेला गुरुकुन सांगू शकत नाही; ते पाण्यात डोळे उघडे ठेवून गेलेल्या माणसालाच सांगावं लागतं. जुन्या ठशात डोळ्याएवढी जागा माणसासाठी होती, रंगीत ठशात ती अंगभर पसरली आहे. जागा वाढली तशी जबाबदारीही वाढली.

म्हणून त्या कलावंतांकडे एवढंच मागणं आहे. पोपटमासा हवा तेवढा निळा करा. पण कोपऱ्यात एक ओळ साध्या काळ्या शाईत लिहा. हा मासा अमुक दिवशी, अमुक बेटापाशी, एवढ्या पाण्यात होता. उद्या तिथे तो नसेल, तर कोणीतरी विचारील की खरंच होता का. तेव्हा रंगापेक्षा ती काळी ओळच उपयोगी पडेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)